न डळमळणारे हृदय

१२ जानेवारी १९७६, सोमवार

ज्येष्ठ कन्या शांता हिच्या हृदयाची आज शास्त्रोक्त परीक्षा झाली. सोबत पितृहृदयाचीही, विनामूल्य! इस्पितळातील नव्या डॉक्टरीणबाई हत्तुरे या बालपणापासून इन्शुलिनवर असलेल्यांची हृदये तपासत आहेत. तुलनेसाठी एक निरोगी देह हवा होता. अस्मादिकांनी तो उदार अंतःकरणाने अर्पण केला. छातीला तारा, यंत्रातून सरकणारी कागदी पट्टी आणि आज्ञा — ‘दीर्घ श्वास घ्या. सावकाश सोडा.’

स्वतःची पट्टी पाहून लज्जा उत्पन्न झाली. श्वास घेता ठोके धावतात, सोडता रेंगाळतात — केवळ मर्कटलीला! शांताचे मात्र घेता-सोडता एकाच अंतरावर. किंचितही ढळले नाहीत! संस्कृत शिक्षकाच्या कन्येस शोभेल असेच.

घरी येऊन भार्येस घोषणा केली, ‘जगदेवी, आपली कन्या स्थितप्रज्ञ आहे. यंत्राचा दाखला आहे.’

‘ते पांडित्य शाळेत ठेवा की. डॉक्टरीण काय बोलली ते सांगा.’

डॉक्टरीण काहीच बोलली नव्हती. परवा या, म्हणाली.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. बाईंसाठी तिळगूळ नेला. त्यांनी तो तोंडात न घालता तसाच मुठीत धरून ठेवला.

‘सर, निरोगी हृदय श्वासाबरोबर कमीजास्त होतं. शांताचं होत नाही. इतक्या वर्षांच्या साखरेनं त्याच्या नसा मारल्यात.’

‘पण तिला तर काहीच दुखत नाही!’

‘दुखणं कळवणाऱ्या नसाही त्याच, सर.’

अचल बुद्धीची स्तुती शिकवण्यात या पामराची हयात गेली. भूषण म्हणून जे परवा घरभर मिरवले, ते व्याधीचे लक्षण निघाले.

१५ जानेवारी

जगदेवीस सांगितले. ती भाकरी थापत होती. थापतच राहिली. एकच भाकरी — कितीतरी वेळ.

२५ जानेवारी, रविवार

प्रातःकाळी शांता पूजेस बसली. डाव्या तळहातावर इष्टलिंग, दृष्टी त्यावर, हात छातीसमोर अधांतरी — लहानपणी मीच शिकविले. आज तिचे कोपर हळूच मांडीवर उतरले. तिने उचलले. पुन्हा उतरले. मग तिने ते तसेच राहू दिले.

धाकट्या नागव्वेने तत्काळ फिर्याद दाखल केली, ‘अप्पा, अक्का कोपर टेकवते! मी टेकवलं की मारते!’

‘गप गं, चोंबडे!’

हे कधीपासून, असे मी विचारले.

‘दिवाळीपासून असेल. हात लई जड होतो. दुखत काही नाही, अप्पा.’

दुखत काही नाही! हे वाक्य पूर्वी या कर्णांस किती मधुर वाटे.

२७ जानेवारी, मंगळवार

शांतास सोबत नेऊन कोपराचे वर्तमान बाईंना निवेदिले. हसतील असे वाटले होते, हसल्या नाहीत. नळी लावून पुष्कळ वेळ ऐकत राहिल्या. दोन ठोक्यांच्या जोडीला तिसरा ऐकू येतो, म्हणाल्या, दौडणाऱ्या घोड्याच्या टापांसारखा. हृदय थकू लागले आहे. अजून आरंभच आहे, वेळेत सापडले. पंधरवडा दाखल व्हावे, नंतर गोळ्या, अळणी जेवण, बालवाडीची नोकरी तूर्त बंद.

शांता म्हणाली, ‘बाई, मला दम लागत नाही, दुखत नाही. मग मी आजारी कशी?’ आणि पायांत चपला सरकवून बाहेर पडली.

भवानी पेठेपर्यंत मी मागे, ती पुढे. कोपऱ्यावर थांबली.

‘नवव्या वर्षापासून सुया टोचून घेते, अप्पा. अंगावर जागा राहिली नाही. आता निजून पण राहू? मला ती पोरं पाहिजेत, ती वाट पाहतात. आणि माझ्या हृदयाचं म्हणाल, तर ते तुमच्या वर्गासारखं झालंय. मास्तर काहीही म्हणोत — ढिम्म!’

विनोद उत्तम होता. भर रस्त्यात हसलो. मग चष्मा पुसावा लागला.

३ फेब्रुवारी, मंगळवार

साम, दाम, भेद सर्व योजून झाले. आज दंड — ती इस्पितळात जाईपर्यंत अन्नत्याग! तशी प्रतिज्ञा उच्च स्वरात केली.

शांताने शांतपणे पाट मांडला. ‘तुम्ही जेवला नाही तर चालेल, अप्पा. मघाशी टोचून घेतलंय. मी जेवले नाही तर ते इन्शुलिन मलाच खाईल. आधी मी जेवते, मग दोघं भांडू.’

ती जेवली. नंतर मीही जेवलो. अस्मादिकांचा संपूर्ण पराभव.

९ फेब्रुवारी, सोमवार

तिच्या पावलांवर सूज. चपलेचा पट्टा मांसात उमटला होता. मी पाहतो आहे हे लक्षात येताच तिने साडीचा काठ खाली ओढला. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. बाहेर काहीही नव्हते.

सभा गाजविणारी ही जिव्हा एका मुलीस ‘चल’ एवढे पटवू शकत नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

नागव्वा आठवडाभर तांब्या-तांब्या पाणी पिते आहे. आज ती मोरीत लघुशंका करून उठली आणि तिथे मुंग्या लागल्या. शांताने पाहिल्या. नवव्या वर्षी शांताचेही असेच सुरू झाले होते.

शांताने पिशवी काढली. नागव्वेचे दोन झगे भरले. मग स्वतःच्या दोन साड्या.

‘मलाही दाखल करा, अप्पा. सगळ्या गोळ्या घेते. हिला सुई टोचून घ्यायला शिकवायला कुणीतरी पाहिजे की.’