मितानाचं नाव

नवा रायपूर
१८ नोव्हेंबर २०१८

ती. विनोदिनीताई,

नमस्कार. गुडघे कसे आहेत विचारतो, आणि तू 'बरे आहेत' असंच लिहिणार हेही ठाऊक आहे. श्रेयस आणि सूनबाई मजेत. थंडी पडू लागली. इथले रस्ते एवढे रुंद की पलीकडच्या माणसाशी बोलायला फोन लावावा. जुन्या रायपुरातला ब्राह्मणपारा सोडून आलो तेव्हा वाटलं होतं, आता भिंतीकडे बघत दिवस काढायचे.

गेल्या पत्रात तू विचारलंस, साखर एकदम कशी उतरली, झोप कशी लागायला लागली. मी लिहिलं, रोज चालतो. ते अर्धंच खरं होतं. तलावाकाठच्या बगीच्यात मला माझा मितान भेटला, आपला अभनपूरचा. बाबांची तिथे बदली होती, मी दहा वर्षांचा होतो. आईने दोघांना पाटावर बसवून नारळ बदलायला लावले, तू टिळे लावलेस. तिथल्या रीतीने जोडलेली जन्मभराची मैत्री, सख्ख्या नात्याइतकी. त्याचं शेत नव्या राजधानीत गेलं, आता तो तिथेच माळी आहे.

तीन महिने मी उजाडता उजाडता तिथे पोचायचो. त्याने हातात खुरपी दिली. "माटी ला झन दबा मितान, साँस लेवन दे," म्हणायचा; दाबू नको, मातीला श्वास घेऊ दे. मी रोपाभोवतीची माती जोरजोरात थापायचो ना, फाइलवर शिक्का मारल्यासारखी. कदंबावर कोणता पक्षी बोलतोय, हळद्या की कोतवाल, हे ओळखू लागलो. पद्मजा संसार अर्धा टाकून गेल्यापासून पहिल्यांदा मला सकाळची ओढ लागली. सदुसष्टाव्या वर्षी मी खूश होतो, ताई.

आता इतके दिवस जे टाळलं ते लिहितो.

आमच्या कॉलनीतल्या निवृत्त साहेबलोकांचा फिरायचा गट आहे. ते उशिरा येतात, म्हणून मी लवकर जायचो. दसऱ्यानंतर एकदा ते लवकर आले. सोबत धर्मपालजी, माझे जुने वरिष्ठ. मितान चिखलाच्या हातांनीच पुढे आला, मितानांचा रामराम घातला, "सीताराम मितान." धर्मपालजींनी विचारलं, "ये कौन है?"

"हमारे यहाँ पुराना नौकर था," मी म्हणालो. तेवढ्यावर थांबलो नाही. त्याला नावाने हाक मारून पाइप बाजूला घ्यायला सांगितलं.

सत्तावन्न वर्षांत मी त्याचं नाव घेतलं नव्हतं. मितानाचं नाव घ्यायचं नसतं, आईने पाटावरच बजावलं होतं. इथेही लिहीत नाही. एकदा घेतलं तेवढं पुरे. त्याने पाइप बाजूला घेतला.

तू म्हणशील, "काहून असा बोलला रे?" भीती कसली होती? पेन्शन तर कोणी काढून घेणार नव्हतं.

तीन आठवडे गेलोच नाही. श्रेयसला पाय दुखतात म्हणून सांगितलं. झोप पुन्हा उडाली, साखर चढली. काल सकाळी मुद्दाम उशिरा गेलो. सगळा गट बाकांवर बसलेला होता. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "सीताराम मितान." धर्मपालजींनाही सांगितलं, हा नोकर नव्हता, मी खोटं बोललो होतो. ते घड्याळ बघू लागले.

मितान उठला. पंच्याला हात पुसले, जोडले, आणि म्हणाला, "सीताराम, साहेब."

रागाने नाही, ताई. राग असता तर बरं झालं असतं. चार लोकांत माझी अडचण होऊ नये म्हणून तो अगदी हळू बोलला.

मी त्याच्या वाफ्यापाशी खाली बसलो आणि गवत उपटू लागलो. त्याने खुरपी दिली नाही, उठ असंही म्हटलं नाही. आज गेलो, उद्याही जाईन. तू माझी समजूत घालणारं पत्र पाठवू नकोस. त्याला निरोपही पाठवू नकोस. तो तुझा मान राखून मला माफ करेल, आणि तसली माफी मला नको आहे.

मला मितान म्हणणारा एकच माणूस होता. तू तरी पूर्वीसारखी हाक मारशील, या आशेवर,

तुझा
नरहर