सायक्लोनचा पांढरा दरवाजा

१ ऑगस्ट १९९३, रविवार

ती जिवंत आहे!

चर्च सुटलं. पायऱ्यांवर पाद्रीबाबांशी हात मिळवत होतो, तेवढ्यात रस्त्याच्या टोकाकडून आवाज आला. सायलेन्सर नाही, नुसता उघडा नळ. बायकांनी कानांवर हात दाबले. मी पाद्रीबाबांचा हात धरून तसाच उभा. चारशे एकोणतीस घनइंचांचं इंजिन, आणि उजवीकडून मागचा एक ठोका किंचित उशिरा! तो ठोका अख्ख्या ओहायोत एकाच गाडीचा. माझ्या. सत्तर सालची मर्क्युरी सायक्लोन. चौऱ्याहत्तरात पेट्रोलचे भाव भडकले तेव्हा मी ती दिली, बदल्यात गॅस कटर घेतला आणि त्या कटरवर हे भंगाराचं यार्ड उभं केलं.

माझी बायको लॅव्हॉन म्हणाली, "ऑरिन, सोड आता त्यांचा हात."

तिला घरी उतरवलं आणि आवाजामागे निघालो. गाडी व्हर्नन टॅकेटच्या शेडपुढे सापडली. व्हर्नन सात वर्षं माझ्याकडे कामाला होता. गेली बारा वर्षं बोलत नाही. हातात घण. मी पोचेपर्यंत पुढची काच गेलेली. मागची त्याने माझ्याकडे बघत बघत फोडली.

"या मालक! ओळखलीत का?"

"कुठे मिळाली?"

"एका म्हातारीच्या गोठ्यात, गवताखाली. म्हणाली, ने बाबा, कोंबड्या अंडी घालतात तिच्यात." एक दिवा फोडला. "येत्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी. जत्रेत. डर्बीला उतरवतोय."

मी काहीतरी विनोद केला. काय केला ते आठवत नाही. तो हसला नाही, एवढं आठवतं.

डर्बी म्हणजे वीस गाड्या चिखलात सोडायच्या. एकमेकींना ठोकत शेवटी जी चालती राहील ती जिंकली. उरलेलं भंगार माझ्या यार्डात येतं — दरवर्षी, कंत्राटच माझं आहे. म्हणजे सायक्लोन माझ्याकडे येणारच. प्रश्न एवढाच, की तिचं काय उरलेलं येणार.

३ ऑगस्ट, मंगळवार

पुन्हा गेलो. हसतखेळत. आयुष्यात जे मिळवलं ते हसतखेळतच मिळवलं.

म्हटलं, "व्हर्नन, माझी क्रायस्लरची वॅगन घे. सव्वादोन टन. डर्बीत तिला मारणारी गाडी नाही. सायक्लोन देऊन टाक."

तो सायक्लोनचे दरवाजे वेल्डिंगने बंद करत होता. मास्क वर केला. "क्लोव्हिसची मशीन आठवते का?"

आठवते. क्लोव्हिस त्याचा धाकटा भाऊ. त्याची गाडी रेबेल मशीन — पांढरी, लाल-निळ्या पट्ट्यांची. एक्याऐंशीत अपघातात पाठ मोडून तो बेशुद्ध पडला होता, आणि गाडी टोइंगवाल्याने माझ्या यार्डात आणून टाकली. कायदा तीस दिवसांचा: तोवर मालकाने सोडवली नाही, तर गाडी यार्डाची. व्हर्नन रोज म्हणायचा, "मालक, आठवडाभर थांबा. तो डोळे उघडेल." लोखंडाचा भाव तेव्हा चढा होता. एकतिसाव्या दिवशी मी गाड्या चेपायच्या क्रशरचं बटण दाबलं. व्हर्नन शेजारीच उभा होता. हातमोजे काढून माझ्या पायाशी टाकले आणि गेला.

"कायदा होता तसा," मी म्हटलं.

"होता ना! आणि डर्बीचाही आहे. गाडी माझी, मी वाटेल तशी फोडीन." मास्क खाली. आतून म्हणाला, "तिकीट काढा मालक. पुढच्या रांगेतलं."

४ ऑगस्ट

लॅव्हॉन: "माझ्या आईच्या दफनाला डोळ्यांतून टिपूस काढलं नाहीस. आणि आता हे काय?"

७ ऑगस्ट, शनिवार

नाव नोंदवलं. मीही उतरतोय!

मर्ल झायगलर वीस वर्षं डर्बीचा पंच आहे. चष्म्यावरून बघत म्हणाला, "ऑरिन, वय काय?"

"अठ्ठावन्न."

"मानेचं हाड?"

"एकच आहे."

रांगेत मागून व्हर्नन. "सगळा जिल्हा चेपून झाला, आता मीच राहिलो होय मालक?"

गप्प बसायला हवं होतं. माझी जीभ धारदार आहे, लोक हसतात, त्यामुळे ती चालूच राहते. म्हटलं, "क्लोव्हिसला गाडी चालवता येत असती, तर ती माझ्या यार्डात कशाला आली असती?"

त्याचा ठोसा मला दिसलाच नाही. दाताचा तुकडा जिभेवर आला, तेव्हा कळलं. मग मी त्याची मान धरली आणि डोकं टेबलावर आपटलं. एकदा. पुन्हा. मर्लच्या कागदांवर रक्त उडालं. व्हर्ननने माझ्या गुडघ्यावर बूट घातला, आणि दोघेही खुर्च्यांसकट खाली. चार जणांनी ओढून काढलं. मला त्याचा कान चावायचा होता — खरंच चावायचा होता. असं कधी वाटलं नव्हतं.

मर्ल कागद पुसत म्हणाला, "दोघांचीही नावं लिहिली. आता बाहेर जाऊन मरा."

१० ऑगस्ट, मंगळवार

वॅगन तयार. काचा काढल्या, दरवाज्यांना वेल्डिंग, पेट्रोलची टाकी मागच्या सीटवर साखळीने बांधली. चालवणाऱ्याकडचा दरवाजा पांढरा रंगवला. तो सगळ्यांचाच पांढरा असतो. पांढऱ्याला हात लावायचा नाही — बाकी काहीही फोडा. दरवाज्यावर एक लाकडी काठी बांधतात. काठी उभी आहे तोवर तुम्ही खेळात. हरलात की ती स्वतःच्या हाताने मोडायची.

आणि मारायचं ते मागून. पुढे रेडिएटर. तोंडाने धडक दिली की आपलीच गाडी मरते. म्हणून सगळे मान मागे वळवून उलट्या गिअरमध्ये चालवतात. इथली दहावीतली मुलगीसुद्धा हे जाणते.

बेत साधा आहे. सायक्लोनचं मागचं चाक. एकच फटका, आस वाकली पाहिजे. मिनिटभर हलली नाही की मर्ल बाद करतो. व्हर्नन काठी मोडेल. सोमवारी गाडी माझ्या यार्डात, धडधाकट.

हातोडी मारता मारता जुन्या गाड्या आठवत होत्या. मस्टँग, शेव्हेल यांची चित्रं पोरं भिंतीला लावतात. सायक्लोन कोण विचारतं? नाकावर मधोमध बंदुकीच्या नेमासारखी चौकट — बनवणाऱ्याने लपवून काही ठेवलं नव्हतं! तरी लोकांना वाटायचं, विमा एजंटाची गाडी असेल. एकाहत्तरात एका शर्यतीत त्या चौकटीतून मी एका शेव्हेलवाल्याला पाहिलं, फक्त सुरुवातीला. मग तो आरशात गेला. ब्युइकची वाइल्डकॅट — आज तिच्यातून लोक डुकरांचं खाद्य नेतात. मर्क्युरीची मरॉडर, घराएवढी, आणि पाय दाबला की घरच पळायला लागायचं. क्लोव्हिसची मशीन.

यांतल्या बहुतेक मीच चेपल्या. वाइल्डकॅटचं छप्पर बसताना कसा आवाज येतो, मरॉडरची आस तुटताना कसा, मला वेगवेगळे ओळखू येतात. डोळे बांधा, सांगतो. हे लॅव्हॉनलाही माहीत नाही.

१३ ऑगस्ट

उद्या. जीभ सारखी तुटक्या दाताकडे जाते.

१५ ऑगस्ट, रविवार

लिहायला बसलो. उजवं मनगट सुजलंय, अक्षर वाकडं येईल.

काल दुपारी तीनला सोडलं. मैदानात पाण्याचे टँकर ओतून गुडघाभर चिखल केलेला. स्टँड भरलेले, तळलेल्या कांद्याचा वास. लोक ओरडून दहापासून उलटे आकडे मोजतात. शून्य — आणि वीस गाड्या एकदम मागे!

पहिल्याच फटक्याला माझं डोकं छपराला लागलं. एका ओल्ड्समोबिलने मला बाजूने घेतलं. मी तिचं पुढचं चाक आत घातलं. धूर. एकीने पेट घेतला, पंपवाले धावले, आतला माणूस खिडकीतून ओढून काढला — बाही जळत होती, तरी तो हात वर करून लोकांना दाखवतोय! लोक वेडे झाले. मीही ओरडलो. का ते माहीत नाही. बरं वाटत होतं.

या सगळ्यात मला सायक्लोन ऐकू येत होती. वीस उघड्या नळांत तो एक उशिरा ठोका.

व्हर्नन चांगला खेळतो. मागून मारतो, मोजून मारतो. दहा मिनिटांत सायक्लोनचं शेपूट सीटपर्यंत आलेलं. मी दोनदा तिच्या मागच्या चाकावर गेलो. दोनदा तो निसटला. शेवटी आम्ही पाचच उरलो.

मग त्याने गाडी वळवली. मैदानाच्या कडेला सिमेंटचे मोठे ठोकळे आहेत. त्याने नाक त्यांच्याकडे केलं. पुढे कोणी नव्हतं, मारायला गाडी नव्हती. नुसतं सिमेंट. त्याने माझ्याकडे पाहिलं, हात बाहेर काढून छपरावर दोन थापा मारल्या — मालक, बघा. आणि पाय दाबला.

मी रिव्हर्स टाकला. पडेना. काय करणार? पुढे जाण्याशिवाय इलाज नव्हता. वॅगन पुढे घेतली की त्याला आडवं गाठता येईल, एवढंच डोक्यात होतं. मधे नव्वद फूट. चिखलात चाकं एकदम पकडीला आली. सव्वादोन टन.

पांढरा दरवाजा.

आवाज लिहीत नाही.

वॅगनचा रेडिएटर फुटला, वाफेने काही दिसेना. वाफ गेली तेव्हा त्याची काठी अजून उभी होती. मर्ल लाल झेंडा हलवत चिखलातून धावत होता, पडत होता, पुन्हा धावत होता. सगळी इंजिनं बंद झाली. मग व्हर्ननचं ओरडणं ऐकू आलं.

दरवाजा कापायला कटर लागला. जत्रेत कटर माझाच असतो.

१६ ऑगस्ट, सोमवार

व्हर्ननचा डावा पाय गुडघ्याखाली काढला. कमरेचं हाड तीन जागी मोडलंय.

शेरिफचा माणूस आला होता, बरोबर मर्ल. ऑफिसात बसले. मी कॉफी दिली. दोघांनी घेतली नाही.

मर्ल म्हणाला, "ऑरिन, तू तोंडाने का आलास?"

"रिव्हर्स पडेना."

"वीस वर्षांत कोणी तोंडाने दरवाज्यावर आलेलं मी बघितलं नाही."

"गिअरबॉक्स गेला, मर्ल. जातो डर्बीत."

शेरिफच्या माणसाने लिहून घेतलं. मर्लने टोपी हातात फिरवली. तो बूट बघत होता, माझे.

दुपारी ट्रकने भंगार आणलं. सायक्लोन सगळ्यात वर. शेपूट गेलं, दरवाजा आत गेला. नाक शाबूत आहे. चौकटीला ओरखडासुद्धा नाही. सीटवर पाणी मारलं. पुन्हा मारलं.

१७ ऑगस्ट

लॅव्हॉन बहिणीकडे गेली. "चार दिवस" म्हणाली. थंडीचा कोट घेऊन गेली.

१९ ऑगस्ट, गुरुवार

इस्पितळात गेलो. दाराशी क्लोव्हिस, काठीवर रेललेला. बारा वर्षांत प्रथमच समोरासमोर. वाटलं, मारेल. बाजूला सरला.

व्हर्ननचं तोंड पिवळं पडलंय. चादर डावीकडे सपाट.

"बसा मालक. बसायला पाय लागत नाहीत, माझ्याकडून शिका."

मला हसू येईना. हे पहिल्यांदाच.

म्हणाला, "शेरिफचा माणूस येऊन गेला. त्याला सांगितलं, ऑरिनचा रिव्हर्स गेला होता. मी ऐकलं, गिअर खरखरत होता. चूक कोणाची नाही."

"व्हर्नन…"

"तुमच्यासाठी नाही सांगितलं. मुद्दाम मारलं म्हटलं की विमावाले जत्रेची डर्बी बंद करतात. या क्लोव्हिसचं नाव पुढच्या वर्षाला घातलंय मी. पाठीला पट्टा बांधून उतरणार आहे, वेडा."

मी म्हटलं, "रिव्हर्स खरंच गेला होता, व्हर्नन."

त्याने सपाट बाजूची चादर सारखी केली. मग म्हणाला, "हो ना मालक. तेच तर सांगितलं."

घरी येताना रस्ताभर डर्बी आठवत होतो. ओल्ड्समोबिलचा पत्रा आठवतो. पंपाची शिट्टी आठवते. सायक्लोनचा ठोका, त्याच्या छपरावरच्या दोन थापा, सगळं जसंच्या तसं कानात आहे. खरखर तेवढी आठवत नाही.

२२ ऑगस्ट, रविवार

चर्चला गेलो नाही. यार्डात कोणी नव्हतं. वॅगनला दुसरा रेडिएटर लावला, सुरू केली. रिव्हर्स टाकला.

पडला. आवाजसुद्धा न करता. चार हात मागे आली.

पुढे घेतली. पुन्हा टाकला. पुन्हा आली.