तुला न्हाय जमायचं

४ फेब्रुवारी, मंगळवार

डिस्करेज, डिसहार्टन, डिस्वेड, डिटर — सगळी एकाच कोंबडीची पिल्लं! क्लासच्या सरांनी मला सांगितलंय, पोरांना फरक समजावा, प्रत्येकाचं एक वाक्य करून द्या, परीक्षेत हमखास येतंय. क्लासात विचारलं, सांगा बघू काय फरक. उचगावचा नागेंद्र मागच्या बाकावरनं ओरडला, "फरक कायबी न्हाय मॅडम! सगळ्यांचा अर्थ एकच — खच्ची करणे!"

वर्ग हसून हसून लोळला. मीपण.

बसमध्ये वाक्यं जुळवायला लागले. पुस्तकातला राम नको, सीता नको. प्रत्येक वाक्यात वडीलच, आमचे आप्पा, येऊन बसायला लागले.

५ फेब्रुवारी

डिटर — भीती घालून लांब ठेवणं. हे सोपं. लहानपणी शाळेतनं आले की दप्तर फेकून थेट मागाच्या खोलीत. आप्पा मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले, धोटा इकडनं तिकडं, खट् खटाक्. पलीकडच्या गल्लीत पॉवरलूमचा दणका, पण आमच्या हातमागाचा आवाज त्यातनंही वेगळा कळायचा. खळीचा वास. मी हात पुढं केला की ओरडणार — "बोट जाईल फणीत! मग पेन कशानं धरशील?"

भ्याले नाही. मग डिस्वेड — कारणं सांगून मन वळवणं. "ह्यात काय हाय गं रूपे? कंबर जाती, डोळं जात्यात. नेसणारीला इणणाऱ्याचं नावबी ठावं नसतंय."

तरी ऐकलं नाही! सातवीच्या सुट्टीत, ते जेवायला उठल्यावर, बसले खड्ड्यात आणि वीतभर विणलं. परत आले. बघत राहिले. लई वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता शाबासकी. म्हणाले, "तुला न्हाय जमायचं." आणि माझ्यापुढंच उसवून टाकलं.

ते डिस्करेज. मग मी पेन धरलं. तरीपण तेवढा आवाज, तेवढी खोली, ती दुपार — परत मिळाली तर सगळं लिहिलेलं देऊन टाकीन.

डिसहार्टन — मनच मोडणं. याचं वाक्य काही होईना. जागा मोकळी ठेवली.

६ फेब्रुवारी

मासिकाकडनं माझी गोष्ट परत आली. पूर्णविराम नसलेली. "प्रयोग छान आहे, पण वाचवत नाही." हाहा! यालाही एखादं क्रियापद असेल.

८ फेब्रुवारी, शनिवार

अण्णा, माझा थोरला भाऊ, आज लवकर आला. उद्यमबागेत फौंड्रीत असतो, केसात अजून काळी धूळ. मला माडीवर बोलवून म्हणाला, "रूपे, आप्पांशी तू बोल. मी बोललो की भांडान हुतंय."

वहिनीचे दिवस भरत आलेत. घर एवढंसं. माग काढला तर एक खोली होईल. आणि आप्पा म्हणतायत, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, आता नवा ताणा लावतो!

"दिवाळीत खड्ड्यातनं उठताना गुडघा गेला त्यांचा. शेजारची मंजुश्री आली म्हणून कळलं. फुडच्या टायमाला कोण न्हाय आलं तर?"

खरं आहे त्याचं. म्हणूनच राग येतो.

"तुला शब्दांचं कळतंय," म्हणाला. "नाद सोडायला लाव त्यांना. पण जपून."

खाली जाऊन माग बघितला. धूळ बसलीय, पण जुन्या ताण्याची, उभ्या धाग्यांची, शेवटची वीत अजून तशीच, फणीतनं ओवलेली. आमच्यात ती कापत नाहीत. नव्या ताण्याचा एकेक धागा त्या जुन्या टोकाला पिळून जोडायचा, की माग परत चालू. आज्जाच्या ताण्याला आप्पांनी जोडलं, तसंच पुढं. माग मोकळा केला म्हणजे त्या घरातलं विणणं संपलं.

९ फेब्रुवारी

बोलणार होते. आप्पांनी पेरू कापून, तिखटमीठ लावून हातात दिला. नाही बोलले.

१० फेब्रुवारी

डिटर करून बघितलं. डॉक्टर काय म्हणाले आठवतंय ना, परत पडलात तर गुडघा बदलायला लागेल —

"डाक्टर काय माग चालवतोय व्हय?"

डिस्वेड. कारणं सांगितली — खोली, बाळ, वहिनी, हातमागाच्या लुगड्याला आता कोण विचारतंय. सगळ्याला "व्हय, व्हय" करत राहिले. शेवटी म्हणाले, "तू शहापूरला जाणार हाईस न्हवं? चांगलं सूत कुठं मिळतंय इचार जरा."

काय करायचं या माणसाचं! हसूच आलं मला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

झालं.

आप्पा खड्ड्याच्या काठावर बसून फडक्यानं धोटा पुसत होते. मी दारात. कारणं सगळी संपलेली. तोंडातनं आपोआप आलं — "आप्पा, तुम्हाला आता न्हाय जमायचं."

हात थांबला. मग हसले. "हे माझं हाय की गं! माझंच मला देतीस व्हय?"

मी हसले नाही. हसायला पाहिजे होतं का?

"खरंच वाटतंय तुला तसं?"

"व्हय."

धोटा खाली ठेवला. "साकु मग. पुरं झालं. तुझ्या अण्णाला सांग, घिऊन जा म्हणावं."

अण्णाला फोन केला. "शाब्बास रूपे! आम्हाला वरीसभर न्हाय जमलं!" सोमवारी भंगारवाला आणतोय.

सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. रात्री आमटीत मीठ नव्हतं. आप्पा तशीच भुरकून उठले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार — शहापूर

अंबुआत्तीकडं आलेय. आप्पांची थोरली बहीण. माग विकायचा ठरला म्हणून सांगितलं, तर भाकरी थापता थापता थांबली. मी सहज म्हणाले, मला तरी कुठं जमत होतं.

"कोण म्हणलं?"

"आप्पाच की. सातवीत."

"अगं खुळे!" पिठाचा हात कपाळाला लावला तिनं. "त्या सांजला हितं आलता त्यो, ह्याच चुलीम्होरं बसलावता. म्हणला, आक्का, पोरीचा हात आपल्या आईच्याबी वर गेलाय. हिला आवड लागली तर ही उठायची न्हाय खड्ड्यातनं. काय करू सांग. — मीच म्हणलं, मोडता घाल. ईस वरसं झाली न्हाईत अजून, आणि तू म्हणतीस जमत न्हवतं!"

भाकरी करपली. दोघींपैकी कुणी उलटली नाही.

एवढी वर्षं ते वाक्य मी चुकीच्या, डिस्करेजच्या ओळीत घालून बसले होते!

लगेच अण्णाला फोन. माडीवरची माझी खोली तुम्ही घ्या, मी मागाच्या खोलीत झोपते, पण माग जाणार नाही. आधी लई तापला. "आधी काढ म्हणतीस, आता ठेव म्हणतीस! आणि इणणार कोण? आप्पा?"

"मी. आप्पा खुर्चीवर बसून ताणा जोडतील. खड्ड्यात मी उतरते."

शेवटी, "तू खुळी हाईस," म्हणाला. आणि, "बरं, बघ."

आत्ती म्हणते, मुक्काम कर. सकाळी पहिलं काम — फोनवर नाही, मागाजवळ उभं राहून सांगणार. आत्तीनं सूत कुठं मिळतंय तेपण सांगितलंय. त्यांचा चेहरा बघायचाय मला!

१५ फेब्रुवारी

चप्पल न काढता थेट मागाच्या खोलीत गेले.

माग मोकळा. जुने धागे कापलेले. ओळीनं, नीट, एकही लोंबत नाही. कात्री फळीवर.

आप्पा उंबऱ्यात बसून बशीतनं चहा पीत होते. माझ्याकडं बघून हसले, मोकळ्या मागाकडं बोट केलं.

"जमलं की गं तुला."