बाईचा आवाज कसा असावा, याबाबत तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
बँक ग्राहक तक्रार कार्यालय,
दुसरा मजला, खोली क्रमांक ७.

विषय : अर्जदाराचा आवाज बाईचा नाही असे परस्पर ठरवून बँकेच्या ग्राहक सेवा कक्षाने तिचे खाते गोठवल्याबाबत.

संदर्भ : सदर कक्षाचे दिनांक २ जूनचे पत्र, ज्यात अर्जदारास "यापुढे मृदू आवाजात संपर्क साधावा" असा सल्ला दिला आहे.

महोदय,

१. अर्जदार ही एक्कावन्न वर्षांची स्त्री असून जळालेल्या विजेच्या मोटारी उघडून त्यांत तांब्याची तार नव्याने भरण्याचा व्यवसाय करते. दुकान वडिलांचे, कामही त्यांनीच शिकवले. आवाज मात्र अर्जदाराचा स्वतःचा आहे. तो जाडाभरडा व खालच्या पट्टीतला असून घरची माणसे तिला लाडाने 'भोंगा' म्हणतात. या आवाजाबद्दल आजवर एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केलेली नाही.

२. दिनांक ११ मे रोजी अर्जदाराचे कार्ड यंत्रात अडकले. पुढच्या गुरुवारी तिच्या आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली होती आणि रुग्णालयात पैसे आधी भरायचे होते. म्हणून तिने लगेच सेवा कक्षास फोन लावला. जन्मतारीख, पत्ता, आईचे माहेरचे नाव, जे जे विचारले ते बिनचूक सांगितले. त्यावर प्रतिनिधी महाशय म्हणाले, "सर, खातं मॅडमच्या नावावर आहे. मॅडमना फोन द्या." अर्जदार म्हणाली, "अहो, मीच मॅडम." पलीकडे कोणीतरी खुदकन हसले. "सर, चेष्टा करायला दुसरा नंबर शोधा," असे सांगून फोन आपटण्यात आला. अर्ध्या तासात 'परपुरुषाकडून खाते वापरण्याचा प्रयत्न' असा शेरा मारून खाते गोठवले गेले. स्वतःच्याच खात्यावर परपुरुष ठरण्याचा मान मिळालेली अर्जदार ही बहुधा पहिलीच स्त्री असावी.

३. दुसऱ्या दिवशी ती सर्व कागद घेऊन शाखेत गेली. व्यवस्थापकांनी फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिले, पुन्हा फोटो पाहिला आणि म्हणाले, "तुम्ही बाई आहात हे मला दिसतंय हो, पण सिस्टिमला दिसत नाही ना!" शेरा सेवा कक्षाने मारला, तेव्हा तो सेवा कक्षानेच काढावा, तोही फोनवरच, असा नियम निघाला. व्यवस्थापकांनी आपल्या टेबलावरचा फोन पुढे सरकवला. पलीकडून पुन्हा "सर." व्यवस्थापकांनी स्वतः रिसीव्हर घेऊन "या बाईच आहेत, माझ्यासमोर बसल्यात," असे सांगितले. उत्तर आले, की समोर बसणे हा ओळखीचा पुरावा धरता येत नाही. रांगेतली माणसे मान वळवून अर्जदाराकडे बघत होती. त्यांच्यापैकी एकालाही शंका आलेली दिसली नाही.

४. गुरुवार उलटला. शस्त्रक्रियेची तारीख गेली. आईने अंदाजाने शेगडी पेटवताना उजवा हात भाजून घेतला. त्या संध्याकाळी हाताला मलम लावून घेताना ती म्हणाली, "जरा बारीक आवाज काढून बघ ना गं." महोदय, या परिच्छेदाची अर्जदारास लाज वाटते, तरी लिहिते. एक्कावन्नाव्या वर्षी ती दुकानाचे दार लावून आरशासमोर उभी राहिली आणि नाजूक बोलण्याची तालीम करू लागली. मग घरी येऊन फोन केला. प्रतिनिधी बाईंनी चार वाक्ये ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "सर, बायकांची नक्कल करताना लाज वाटत नाही का?" आई शेजारीच बसली होती. तिने ऐकले. त्यानंतर तिने शस्त्रक्रियेचा विषय काढला नाही, आणि तेच अर्जदारास अधिक लागले.

५. अर्जदाराने लेखी तक्रार केली, तिचे उत्तर म्हणजे संदर्भातील पत्र. त्या पत्राबद्दल ऐकून शेजारचे शिंपी दुकानात आले. शिंपीदादा साठीचे, मिशीवाले गृहस्थ. आवाज मात्र बारीक, त्यापायी त्यांनीही जन्मभर टोमणे खाल्लेले. ते म्हणाले, "ताई, आण तो फोन इकडे." यापुढे घडली ती लबाडी होती हे अर्जदार मान्य करते. तिने कागदावर जन्मतारीख लिहून दिली, दादांनी ती वाचून दाखवली. मध्ये एकदा ते अडखळले, तेव्हा प्रतिनिधी म्हणाले, "सावकाश सांगा मॅडम, घाई नाही." साडेतीन आठवडे अडलेले खाते चार मिनिटांत मोकळे झाले. वर "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत, मॅडम" हेही मिळाले. दिलगिरी शिंपीदादांनी स्वीकारली.

६. आईची शस्त्रक्रिया ६ जूनला झाली. तिला आता दिसते. इथे गप्प बसणे सोयीचे होते, आणि दोन दिवस अर्जदार गप्प बसलीही. पण आपल्या खात्याचे दार दुसऱ्याच्या गळ्याने उघडते हे काही तिच्या घशाखाली उतरेना. उद्या कोणीही बारीक आवाजाचा चोर तेवढ्याच आदराने आत घेतला जाईल. म्हणून ९ जूनला तिने स्वतः फोन करून खरे सांगितले, की त्या दिवशी बोलले ते शेजारी होते, खातेदार मी आहे, माझी नीट ओळख पटवा. प्रतिनिधींनी नोंद पाहिली आणि म्हणाले, "सर, मॅडमशी आमचं बोलणं झालंय. त्यांची ओळख पटली आहे. तुम्ही त्यांना त्रास देणं थांबवा, नाहीतर आम्हाला पोलिसात कळवावं लागेल."

७. सबब विनंती, की 'परपुरुष' हा शेरा खोडून अर्जदाराची लेखी क्षमा मागितली जावी, तीही तिच्याच नावाने, शिंपीदादांच्या नव्हे. बाईचा आवाज किती बारीक असावा याचे माप बँकेकडे असल्यास ते शाखेच्या दारावर लावावे, म्हणजे बायका बाहेरूनच परत जातील. आणि ज्यांनी तिच्या आईच्या देखत तिला लाज आहे का विचारले, त्यांना सुनावणीस हजर ठेवावे. अर्जदार वकील देणार नाही. जे बोलायचे ते ती स्वतः बोलेल, आणि मृदू बोलणार नाही.

अजून तरी आपली नम्र,

(सही)
अर्जदार, मोटार वाइंडिंग कारागीर
दिनांक : १४ जून

सोबत :
१. ओळखपत्राची प्रत, फोटोसह.
२. सेवा कक्षाचे दिनांक २ जूनचे पत्र.
३. घशाच्या डॉक्टरांचा दाखला : घसा निरोगी, उपचाराची गरज नाही.
४. शेजारील शिंपी यांचा सहीनिशी कबुलीजबाब.