चष्म्याचा गोफ

उधना, सुरत
ता. १८ जुलै १९८९, मंगळवार

यादवभाऊ,

माझ्या नावाचे अकरा रुपये भरायला तुला कोणी सांगितलं होतं? मी सांगितलं होतं का? मी गुलाबच्या हाती वस्तू पाठवली होती, कागदात बांधून, वर शिंपी गुरुजींचं नाव घालून. ती द्यायची सोडून तू पेटीत टाकलीस, गुरुजींच्या निरोपाच्या वर्गणीत माझं नाव लावलंस आणि वर मलाच लिहितोस की तुझी लाज राखली म्हणून. लाज माझी होती ना? मग मला विचारायचं.

जयभीम राहिला. तुला, वहिनीला, आबांना, मायला, सगळ्यांना जयभीम. मी इकडे खुशाल आहे. तुम्हीही असाल. केळीच्या गाड्या भरायचं काम तुला रोज मिळतंय असं गुलाब सांगत होता, बरं वाटलं.

तुझं पत्र खिशात घालून फिरतोय. कामावर जाताना वाचतो, आल्यावर वाचतो आणि दर वेळी डोकं नव्यानं तापतं. तू लिहिलंस की, "गुरुजी काय बैल आहेत का त्यांच्या गळ्यात रंगीत गोफ घालायला? पोळ्याला घालतो तसा तू करून पाठवला. सभेत सरपंचांसमोर काढला असता तर लोक पोट धरून हसले असते. सगळ्यांनी मिळून भिंतीवरचं घड्याळ दिलं, सफारीचं कापड दिलं. तुझ्या चिंध्या पेटीत नीट ठेवल्या आहेत."

अरे, तो गळ्यात घालायचा नाही. म्हणजे गळ्यातच येतो, पण चष्म्यासाठी आहे. दोन टोकांना बारीक फासे आहेत ते पाहिलेस का? ते चष्म्याच्या काड्यांत घालायचे. मग चष्मा काढला की छातीवर लोंबतो, हरवत नाही, खाली पडून फुटत नाही. तू कागद सोडलास, रंग पाहिलेस आणि परत बांधून ठेवलास. आबा सालदार होते तेव्हा पाटलाच्या बैलांचे गोफ मीच विणायचो, म्हणून तुला बैलच दिसले. तुझा तरी काय दोष म्हणा.

पण चिंध्या म्हणू नको. लुमावर धोट्यातली कांडी संपत आली की तळाला थोडं सूत उरतं, ते कोणी वापरत नाही, कचऱ्यात जातं. ते मी मुकादमाला विचारून आणतो. निळं आणि पांढरं वेगळं काढलं. हा धागा नायलॉनचा, फार निसरडा, गोफ धरत नाही, दोन पेरं विणली की उकलतो. मग मेणबत्ती घासून घेतली, तेव्हा धरला. मापाला डोकं हवं होतं म्हणून धनसिंगला बसवलं. तो शिरपूरकडचा, माझ्याच खोलीत असतो. त्याला चष्मा नाही, तर त्याच्या कानांवर झाडूच्या काड्या लावल्या. तो म्हणे, "भिकन, मन्हं लगीन व्हई जाऊ दे, मंग नवरदेव कर." खोलीतले बठ्ठे हसले.

आता तू म्हणशील, हे करत बसण्यापेक्षा जास्तीची पाळी केली असती तर दोन पैसे आले असते. मला बसवत नाही भाऊ. आज लाईटची सुट्टी, कारखाना बंद. बाकीचे पत्ते खेळतात, सिनेमाला जातात. मला पत्त्यात बसवत नाही, सिनेमात बसवत नाही. खोलीत असलो की बाहेर जावंसं वाटतं, बाहेर गेलो की परत. हातात काही असलं तरच जागेवर राहतो. मायला चंची केली, तुझ्या पोराला चिंध्यांचा चेंडू केला (त्या खऱ्याच चिंध्या होत्या), गुलाबला पट्टा केला. खानावळवाल्या केसरबाईला पंखा करून दिला, तर ती चुलीला वारा घालते त्यानं. घालू दे. ती तरी पेटीत ठेवत नाही.

आता दुसरी गोष्ट, तुझ्या पत्रातली. जयंतीला आलो तेव्हा आबांनी गल्लीतून मागून हाका मारल्या, मी वळून पाहिलं नाही, सरळ निघून गेलो. माय बोलत होती तर तिच्यावर ओरडलो, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. सुरतेचं पाणी लागलं, चार पैशांचा ताठा आला, असं आबा म्हणाले आणि तूही तेच लिहिलंस. त्याचं मी उत्तर देणार नाही.

मधे उठून चहा पिऊन आलो. पेनही दुसरा आहे, धनसिंगचा.

आमचा कारखाना तू पाहिला नाहीस. एकाला एक चिकटून लूम आहेत, मधून आडवं चालावं लागतं. तिथे तोंडानं कोणी बोलत नाही, बोलून उपयोग नाही. सगळं हातानं. चहा आला तर अंगठा तोंडाकडे, शेठ आला तर कॉलर धरायची, मुकादम चिडला असेल तर मिशीला पीळ. धागा तुटला तर लुमाच्या लाकडाला हात लावला की कळतं, धोट्याचा ठोका बदलतो. तिथे मी सगळ्यांइतकाच हुशार, बहुतेकांहून जास्तच. नवीन पोरं मी तयार करतो. तिथे कोणाला काही कळत नाही.

केसरबाईला कळलं. ती धुळ्याची आहे. ताट वाढून हाका मारायची आणि मी भिंतीकडे तोंड करून बसलेला. एक दिवस तिनं पळी ताटावर आपटली. सगळे दचकून वळले, मी नाही. कोणीतरी माझ्या खांद्याला हात लावला तेव्हा मी पाहिलं. ती समोर येऊन म्हणाली, "तुना कान फुटी गयात का रे? मी कवयनी बलाई ऱ्हायनू." मी हसलो, म्हटलं, जेवणात लक्ष होतं. ती म्हणाली, "ताट तं आठे शे, मन्हा हातमा. कसामा लक्ष व्हतं?" त्या दिवसापासून ती माझ्यासमोर येऊनच बोलते, तोंड दिसेल असं. कोणाला सांगितलं नाही तिनं.

झालं, लिहून गेलो. म्हणून लिहायला घेतलं की मी सारखा उठतो.

उजवा कान जवळजवळ गेला आहे, डावा अर्धा. समोरून मोठ्यानं बोललं तर समजतं, ओठ पाहून समजतं. मागून काहीच नाही. धर्मादाय दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरनं बॅटरी लावून पाहिलं आणि काय ते बोलला. मला कळलं नाही, तर कागदावर लिहून दाखवलं, आवाजातलं काम सोडा. सोडून काय करू ते लिहिलं नाही. लूम बंद असले तरी डोक्यात चालूच असतात, आजच्यासारख्या सुट्टीच्या दिवशी तर जास्त. मोठ्यानं बोलतो ते त्यामुळे. माझा मला आवाज येत नाही, मग मी वाढवतो. मायवर ओरडलो नाही भाऊ. मी तिला एवढंच म्हणत होतो की भाजी चांगली झाली आहे.

आणि आबांना सांगून काय होणार होतं? आबा म्हणाले असते, परत ये. परत येऊन कोणाच्या मळ्यात जाऊ? मळ्यातही मागून हाक मारतातच लोक.

आता गुरुजींचं. हे कोणाला सांगितलेलं नाही, गुलाबला ठाऊक आहे कारण तो तिथे होता. मी म्हटलं होतं गप राहा, आणि तो राहिला.

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी मी सुरतेला निघालो तेव्हा फैजपूरच्या स्टँडवर शिंपी गुरुजी भेटले. त्यांना गावाकडे, भडगावला जायचं होतं. मी पाया पडलो. त्यांनी पाठीवर हात ठेवला. खूप वाळले होते. चष्मा गळ्यात होता आणि त्याला सुतळी बांधलेली. केळीच्या खोक्याला असते तसली, तिचे तंतू शर्टावर पडलेले. तुला आठवतं का, त्यांच्या चष्म्याला नेहमी काळा-लाल गोफ असायचा. मी हसलो. म्हटलं, "गुरुजी, हे काय, आम्हाला गोफ शिकवला आणि स्वतः सुतळी?" मोठ्यानं म्हटलं असणार, लोक वळून पाहत होते.

गुरुजींचा आवाज पहिल्यापासून बारीक. वर्गात मी पुढे बसायचो म्हणून चालायचं. ते काहीतरी बोलले. स्टँडवर गाड्या सुरू होत्या. मला वाटलं, गंमतच करत असतील माझ्यासारखी, म्हणून मी अजून हसलो. मान हलवली, म्हटलं, "बरं झालं, बरं झालं." ते माझ्याकडे पाहत राहिले. मग हात काढून घेतला पाठीवरचा. जळगावची गाडी लागली होती, तिच्यात जाऊन बसले. खिडकीतून इकडे पाहिलं नाही.

गुलाब माझा दंड धरून उभा होता. गाडी गेल्यावर त्यानं मला भिंतीशी नेलं, कानाशी तोंड आणून ओरडला, "तुले काय झालं रे? ते म्हणत होते, गोफ विणणारी होळीच्या आधी गेली. बायको वारली त्यांची, आपल्या काकू. आन् तू हसतो? बरं झालं म्हणतो?"

काकू गेलेल्या मला माहीत नव्हतं. मला कोणी लिहिलं नाही. तू तरी लिहायचं.

भाऊ, तू शाळेत माझ्या पुढे होतास, तुला कार्यानुभवाचा तास आठवत असेल. गुरुजी सांगायचे बाईंसाठी, आईसाठी, मित्रासाठी काहीतरी हातानं करून आणा, विकत आणू नका. पोरं केळीच्या खोडाच्या सोपटाचे दोर वळायची. मला गोफ जमेना. गुरुजी म्हणाले, हे मलाही नीट येत नाही, घरी ये, आमच्या घरी येतं. मी ओट्याखाली उभा राहिलो. आपल्याला माहीतच होतं कुठे उभं राहायचं ते. काकू म्हणाल्या, "तिथून तुला दिसणार आहे का काही? वर बस." आणि सुई दिली. वरून टाकली नाही, माझ्या हातात दिली, बोटांत धरवली. मग माझी बोटं धरून चार पदर कसे जातात ते दाखवलं. तो पहिला गोफ मी मायला दिला होता, कंबरेच्या पिशवीला. तो अजून आहे, जयंतीला पाहिला मी.

चौथीनंतर शाळा सुटली, वाचणं-लिहिणं अर्धं गेलं. तेवढं एक राहिलं हातात. आणि ते जिनं दिलं ती गेली हे गुरुजी मला सांगत होते आणि मी त्यांच्या तोंडावर हसलो.

तेव्हापासून मला जागेवर बसवत नाही. आधी बसवत नव्हतंच, पण हे वेगळं. गुरुजी निवृत्त होणार असं कळलं तेव्हा वाटलं, सभेत सगळ्यांसमोर नको, पण कोणाच्या तरी हातून गोफ जाईल आणि ते तो हातात घेतील, तर त्यांना काहीतरी समजेल. काय समजेल ते मलाही ठाऊक नाही. तर तू तो पेटीत ठेवलास. सभेत माझं नाव वाचलं असेल, भिकन तायडे अकरा रुपये, आणि गुरुजींना वाटलं असेल, हाच तो. हसला, आणि आता पैसे टाकतो. म्हणून मला तुझा राग आला. तुझ्या मनात वाईट नव्हतं हे कळतं, तरी आला. अजून थोडा आहे.

मधे पुन्हा उठलो होतो. रेल्वेच्या फाटकापर्यंत गेलो. भुसावळची पॅसेंजर गेली, ती मला दिसली, ऐकू आली नाही. परत येताना ठरवलं ते लिहितो.

पोळ्याला मी येतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण भडगावला जाऊ, तू आणि मी, गुरुजी आता तिथेच असतील. गोफ पेटीतून काढून ठेव, उंदीर लागू देऊ नको. गुरुजींना मीच देईन. पण ते बोलतील ते मला कळणार नाही, म्हणून तू शेजारी उभा राहा. ते जे म्हणतील ते माझ्या डाव्या कानाशी मोठ्यानं सांग. रागाचं बोलले तर तेही सांग, गाळू नको. तू लाज राखायला गाळशील, मी तुला ओळखतो. आणि मी काय म्हणायचं ते बारीक आवाजात म्हणेन, पण आवाज चढला तर माझा हात दाब.

आबांना तूच सांग. मायला मी आल्यावर सांगेन, चुलीशी, समोर बसून. वहिनीला जयभीम, पोराचा चेंडू उसवला असेल तर तसाच ठेव, मी शिवतो.

उद्या मनिऑर्डर करतो. घरचे नेहमीचे वेगळे येतील, त्यात हे धरू नको. यात अकरा तुझे, वर्गणीचे. बाकी फैजपूर ते भडगाव जायचं-यायचं दोघांचं भाडं. माझंही आताच तुझ्याकडे पाठवतो, कारण माझ्याजवळ राहिलं तर मी पुन्हा कुठेतरी उठून जाईन आणि पोळ्याला येणार नाही.

तुझा भाऊ
भिकन

रुपये एकाहत्तर.