मागच्या दाराचं कुलूप

प्रिय आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहिते. मी बरी आहे, वेळेवर जेवते. बाबांचा खोकला कमी झाला का?

घाबरू नकोस, पण सोमवारी आमच्या शिवणकामाच्या कारखान्यात इस्त्रीच्या टेबलाने पेट घेतला. आम्ही साठ बायका मागच्या दाराकडे धावलो, तर बाहेरून कुलूप! इस्त्रीवाल्याने पाणी ओतलं म्हणून वाचलो.

दुसऱ्या दिवशीही कुलूप तसंच. सगळ्या मुकाट मशीनवर बसल्या. मी मात्र उभी राहिले. म्हटलं, "कुलूप काढा, नाहीतर मी शिवणार नाही."

सुपरवायझर ओरडला, "देवाने तुला इथे शिवायला पाठवलंय की भाषण द्यायला?"

"ते मलाही आजच कळतंय, साहेब."

मग एकेक मशीन बंद होत गेलं. संध्याकाळी कुलूप निघालं.

उद्या मात्र मालकाने मला एकटीलाच त्याच्या खोलीत बोलावलंय. आई, फार भीती वाटतेय गं. देव माणसाला उगाच कुठे नेत नाही, असं तू म्हणतेस. त्याने मला याचसाठी इथे आणलं असेल, तर उद्या त्या खोलीतही माझ्याबरोबर यायला सांग त्याला. माझं ऐकेल की नाही कोण जाणे, तुझं ऐकतो.

तुझीच,
भित्री धाकटी