कुमा-सान माइकवर

४ सप्टें., गुरु.
जिंकलो. शेवटचा फटका आमच्या बेसबॉल संघाच्या कॅचरचा, कुमा-सानचा. सामना जिंकून देणाऱ्याला इथे जपानात मैदानातच छोट्या स्टेजवर चढवून माइक देतात. वय जाणवतं का, असं विचारल्यावर म्हणाले, "मी म्हातारा नाही झालो. चेंडू तरुण झालेत." पब्लिक वेडं झालं. मी लगेच क्लबच्या इंग्रजी पानावर टाकलं. माझे बॉस मिझुता-सान मात्र हसले नाहीत. कुमाचा पुढच्या वर्षीचा करार ठरलेला नाही, आणि वरच्या मजल्यावरच्या साहेबांना तो विदूषक वाटतो म्हणे.
झोप नाही.

९ सप्टें., मंगळ.
मिझुता-सानचा हुकूम : कुमाला धड बोलायला शिकव. लिहून दिली चार सभ्य वाक्यं. संघ, चाहते, मेहनत वगैरे. गंभीर दिसले तर करार वाचेल, एवढाच माझा हेतू. कुमा-साननी कागद दोन्ही हातांनी घेतला, वाकून आभार मानले. मलाच कसंतरी झालं.
घरी नीलेशला सांगितलं. तो म्हणे, "तुझा कुमा गेला तर तुझ्या पानावर काय उरेल? पार्किंगची माहिती?" नवरा आहे की कोण.

१४ सप्टें., रवि.
पुन्हा जिंकलो, पुन्हा स्टेजवर कुमा-सानच. माझी वाक्यं शब्दन् शब्द म्हणाले. टाळ्या पडल्या, लग्नात भाषण संपल्यावर पडतात तशा. पहिल्या रांगेतल्या आजी शेजारणीला विचारत होत्या, ह्याला बरं नाही का?
नंतर कुमा-साननी मैदानामागच्या बोळात गाठलं मला. "वाक्यं छान होती हो. पण दुसऱ्याची कवळी घातल्यासारखं झालं. चावता येईना." वर मलाच धीर दिला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मिझुता-सानना सांगून टाकलं, ह्यापुढे लिहून देणार नाही.

२८ सप्टें., रवि.
घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. हरलो. माइक कुमा-सानपर्यंत गेलाच नाही.
हंगाम संपला, आता सगळे खेळाडू फोनला घाबरतात. ज्याला काढायचं त्याला ऑफिसातून फोन जातो : उद्या सूट घालून या. क्वचित कोणाला कोच करायलाही असंच बोलावतात. म्हणून तर जास्त छळ.

३० सप्टें., मंगळ.
सकाळी मिझुता-सान म्हणाले, कुमाला फोन तू कर, तुझ्याशी तो नीट बोलतो. काढणार की कोच करणार, विचारलं. मलाही सांगितलेलं नाही, म्हणाले. खरंखोटं देव जाणे.
लावला. पहिल्याच रिंगला उचलला. उद्या दहाला, सूट घालून, एवढंच मी कसंबसं बोलले. ते म्हणाले,
"सूट लाँड्रीत आहे. संध्याकाळी मिळेल. तोपर्यंत मी खेळाडूच ना?"
मी हो म्हणाले. तसं म्हणायचा मला काय अधिकार?
त्यांनी फोन ठेवला नाही. मीही नाही.